शस्त्रक्रियेनंतरची रात्र

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपण शस्त्र चालविणाऱ्या हाताचे गुणगान करतो. टेबलावर निजलेल्या जिवाचे नाव क्वचितच घेतो. स्त्रियांच्या शस्त्रक्रियांबाबत तर हे विशेषच खरे आहे. म्हणून हा इतिहास आज मी वेदनेच्या बाजूने सांगणार आहे.

डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड नावाची बाई साठ मैल घोड्यावरून प्रवास करून डॉ. मॅक्डॉवेल यांच्याकडे आली. त्यांनी तिच्या अंडाशयाची सुमारे दहा किलो वजनाची गाठ काढली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. बाई स्तोत्रे म्हणत पडून राहिली, बरी झाली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगली. निदान होकार तरी तिचा स्वतःचा होता.

१८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे डॉ. मॅरियन सिम्स यांनी प्रसूतीत मूत्राशयाला पडलेले छिद्र शिवण्याची पद्धत शोधली. कोणावर? अनार्का, बेट्सी, ल्यूसी इत्यादी गुलाम स्त्रियांवर. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्र चालले. १८४६ साली बॉस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला होता. तरी या स्त्रियांना ईथर दिला गेला नाही. मागाहून अफू मिळे, इतकेच. होकार मालकाचा, वेदना गुलामाची!

पुढे ईथर व क्लोरोफॉर्म सर्वत्र आले. परंतु भूल उतरली की वेदना जागी होई. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. म्हणजे माणूस जागा ठेवून नेमकी जागा बधिर करता येऊ लागली. पण कोकेन विषारी, आणि रक्त ते लवकर वाहून नेई. १९०३ साली जर्मन शल्यवैद्य हाइन्रिख ब्राउन यांनी त्यात थोडे अ‍ॅड्रिनलिन मिसळण्याची पद्धत मांडली. त्याने तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध जागीच टिकते आणि एकदम रक्तात उतरत नाही. बधिरता लांबली, धोका घटला.

तासांच्या हिशेबासाठी भांडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्याला या वाढलेल्या तासांची किंमत चटकन कळते. गर्भाशय काढल्यानंतरची पहिली रात्र फार जड जाते. आज त्यासाठी पोटाच्या स्नायूंच्या थरांत ब्युपिव्हाकेन टोचतात. १९५७ साली स्वीडनमध्ये तयार झालेल्या या औषधाच्या जोडीला कधी डेक्सामेथासोन, तर कधी डेक्समेडेटोमिडीन देतात. वेदनाशमन लांबते, अफूवर्गीय औषधे कमी लागू शकतात. मात्र डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावू शकते, रक्तदाब उतरू शकतो; म्हणून देखरेख हवीच.

सिम्स यांचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील पुतळा २०१८ साली हलविण्यात आला. २०२१ साली माँटगोमेरीत त्या तिघींचे स्मारक उभे राहिले. न्याय उशिरा का होईना, झाला. आपल्याकडे मात्र "बाईच्या जातीला सोसावेच लागते" हे वाक्य अजून घरोघर ऐकू येते. श्रोतेहो, घरातील स्त्रीची शस्त्रक्रिया ठरली, की खर्चाबरोबरच डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा : पहिल्या रात्रीच्या वेदनेची व्यवस्था काय? तो विचारण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.