मनोरा नसलेले मिशन : ‘व्हर्टिगो’ची स्थळे

चित्रपट कोठे चित्रित झाला याचा शोध घेणे हा हौशी प्रवाशांचा छंद मानला जातो. समीक्षेच्या प्रांतात त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. तरीही त्या छंदामागचे गृहीतक समीक्षेलाही परके नाही. स्थळ हे मूळ आणि चित्रपट ही त्याची प्रतिमा, असे दोन्हीकडे मानले जाते. ‘प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण’ हे शब्द आपण वास्तवतेच्या हमीपत्रासारखे वापरतो. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) हा मानसशास्त्रीय थरारपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्यात सॅन फ्रान्सिस्को आणि परिसरातील इतकी ओळखू येणारी स्थळे आहेत, की त्यांचा नकाशा काढता येतो. मात्र तो काढू लागल्यावर मूळ आणि प्रतिमा यांचा क्रमच डळमळू लागतो.

कथानक थोडक्यात असे. उंचीची भीती जडल्याने पोलीस खाते सोडलेला स्कॉटी, एल्स्टर या जुन्या मित्राच्या सांगण्यावरून त्याच्या पत्नीवर पाळत ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी आत्महत्या केलेल्या कार्लोटा वाल्देस या पणजीने मॅडलिनला झपाटले आहे, असे त्याला सांगण्यात येते. स्कॉटी तिच्या प्रेमात पडतो, आणि ती एका मिशनच्या मनोऱ्यावरून पडून मरते. पुढे तिच्यासारखी दिसणारी ज्युडी भेटते, तेव्हा तो कपडे, केस, चाल बदलून तिची मॅडलिन करू पाहतो. वास्तविक ज्युडीनेच मॅडलिनचे सोंग वठवलेले असते. ज्या मूळ स्त्रीची प्रतिकृती घडवण्याचा हा अट्टाहास, ती स्कॉटीला कधी भेटलेलीच नसते.

चित्रपटाचा आधार म्हणजे प्येर बोआलो आणि तोमा नार्सजाक यांची १९५४ची फ्रेंच कादंबरी. तिचा पूर्वार्ध १९४०च्या पॅरिसमध्ये घडतो, आणि जर्मन आक्रमण तिचे दोन तुकडे करते. पटकथेत हे युद्ध नाहीसे झाले. अ‍ॅलेक कॉपेल आणि सॅम्युएल टेलर हे पटकथाकार. त्यांपैकी टेलरला सॅन फ्रान्सिस्को जवळून ठाऊक होते. युद्धाची जागा या शहराच्या भूतकाळाने घेतली. स्थलांतरामुळे केवळ पार्श्वभूमी बदलली असे म्हणणे अपुरे आहे. कथेला छळणारा इतिहासच बदलला.

ज्या मनोऱ्यावरून मॅडलिन पडते तो सॅन हुआन बाउटिस्टा येथील. १७९७ साली स्थापन झालेले हे मिशन खरे आहे. कमानींची लांब ओवरी, समोरचे पटांगण, तबेला, सारे खरे आहे. मनोरा मात्र नाही. पूर्वी तेथे उभारलेला मनोरा चित्रीकरणाच्या आधीच पाडण्यात आला होता. पडद्यावर दिसणारा मनोरा रंगवलेल्या चित्राने चर्चवर चढवला आहे, आणि आतला जिना पॅरामाउंटच्या स्टुडिओत बांधलेला आहे. जिन्याचा तळ खोल खोल जात असल्याचा जो सुप्रसिद्ध भास होतो, तो आडव्या ठेवलेल्या एका लहान प्रतिकृतीवर कॅमेरा फिरवून साधलेला आहे. चित्रपटातील सर्वांत निर्णायक स्थळ हे असे आहे : भोवतालचे सगळे अस्सल, आणि ज्यावर कथा टांगली आहे तेवढेच बनावट. एल्स्टरचा कटही नेमका याच रीतीने रचलेला आहे. १९०६च्या भूकंपात याच चर्चच्या बाजूच्या भिंती कोसळल्या, कारण सॅन अँड्रियास भूभ्रंश मिशनच्या पायथ्याशीच आहे. हा योगायोग मोहक आहे खरा, पण त्यावर रूपकाचे इमले बांधण्याचा मोह टाळलेला बरा.

शहरातील दोन स्थळांची वंशावळ याहून बोलकी आहे. कार्लोटाचे चित्र पाहत मॅडलिन ज्या संग्रहालयात बसते, ते ‘लीजन ऑफ ऑनर’ १९२४ साली उघडले. १९१५ साली याच शहरात भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात फ्रान्सचा मंडप पॅरिसमधील त्याच नावाच्या प्रासादाच्या नमुन्यावर उभारला होता, आणि त्या मंडपावरून ही वास्तू बेतली गेली. कादंबरीतून वगळलेले पॅरिस अशा रीतीने नकलेची नक्कल होऊन चित्रपटात परतते. (ते चित्र अर्थातच चित्रपटासाठी काढलेले, संग्रहालयात ते कधीच नव्हते.) स्कॉटी आणि ज्युडी ज्याच्या परिसरात फिरतात, तो ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स’ही त्याच प्रदर्शनातला. बर्नार्ड मेबेकने तो जुन्या रोमन भग्नावशेषासारखा कल्पिला होता. प्रदर्शन संपल्यावर तो पाडायचा होता. लोकांना आवडला म्हणून राहिला, आणि काँक्रीटचा नसल्याने खरोखरच मोडकळीस आला. चित्रीकरण झाले १९५७ साली. १९६४ पासून ती वास्तू पाडून काँक्रीटमध्ये जशीच्या तशी पुन्हा बांधण्यात आली. म्हणजे आज स्थळ पाहायला जाणाऱ्याला दिसते ती प्रतिकृती, आणि मूळ वास्तू चलच्चित्रात उरते. जीर्णोद्धाराची आपली कल्पना येथे कशी लागू करावी? जीर्णोद्धारात मूर्ती तीच राहते असे आपण मानतो.

क्रिस मार्करने ‘साँ सोलेय’ (१९८३) या चित्रपटात ही सारी स्थळे एकेक करून पाहिली. मॅकिट्रिक हॉटेल म्हणून दाखवलेले जुने घर मात्र त्याला सापडले नाही. १९५९ सालीच ते पाडले गेले होते.

खरा प्रश्न मात्र कोणत्या भूतकाळाला येथे पुन्हा देह मिळतो, हा आहे. रेडवुड वृक्षांच्या अरण्यात एका कापलेल्या खोडाच्या वलयांवर तारखा लावलेल्या दिसतात : १०६६ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५चा मॅग्ना कार्टा, १४९२, १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. कॅलिफोर्नियाच्या मातीत वाढलेल्या झाडावर हा इंग्लंडचा आणि पूर्व किनाऱ्याचा इतिहास चिकटवलेला आहे. ज्या मिशन डोलोरेसच्या स्मशानात कार्लोटा पुरली आहे, तेही १७७६ सालचेच. खोडावर त्याची नोंद नाही. मॅडलिन हातमोजा घातलेले बोट शेवटच्या काही वलयांवर ठेवून आपला जन्म आणि मृत्यू दाखवते. कार्लोटाच्या थडग्यावरील वर्षे आहेत १८३१ आणि १८५७. ती जन्मली तेव्हा हा प्रदेश मेक्सिकोचा होता. १८४८च्या तहाने तो अमेरिकेकडे गेला. तिला घर बांधून देणारा, मूल ठेवून घेऊन तिला हाकलणारा श्रीमंत माणूस कोणत्या बाजूचा, हे चित्रपट सांगत नाही. मात्र ‘सत्ता’ आणि ‘स्वातंत्र्य’ ही शब्दांची जोडी तीन पुरुषांच्या तोंडी येते. एल्स्टर जुन्या शहराची आठवण काढताना ती वापरतो, पुस्तकविक्रेता कार्लोटाची हकीकत सांगताना, आणि अखेर स्कॉटी ज्युडीला मनोऱ्यावर ओढत नेताना.

कार्लोटाला तरी नाव आणि दगड मिळाला, कल्पित का होईना. मिशन डोलोरेस ज्यांच्या श्रमातून उभे राहिले त्या ओलोनी आणि इतर मूळ रहिवाशांपैकी पाच हजारांहून अधिक जण त्याच परिसरात पुरलेले आहेत, आणि त्यांतील फार थोड्यांच्या नावे काही खूण आहे. चित्रपटासाठी आणलेला कार्लोटाचा दगड चित्रीकरणानंतर काही काळ तेथे राहू दिला होता. पुढे तो काढून टाकण्यात आला. सॅन हुआन बाउटिस्टाच्या चर्चच्या भिंतीला लागून आणखी एक स्मशानभूमी आहे. तिच्यात चार हजारांहून अधिक मूळ रहिवासी पुरलेले आहेत. चित्रपटात मॅडलिन आणि ज्युडी दोघीही याच चर्चवर रंगवलेल्या मनोऱ्यावरून पडतात; त्या स्मशानभूमीचा उल्लेख कोठेही येत नाही.