रावस आणि जाळ्याची आस

आमचे मलकापूर घाटमाथ्याला लागून. समुद्र इथून दिसत नाही, पण रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावरची मासळी आंबा घाट चढून कोल्हापूरकडे निघाली की आमच्याच रस्त्याने जाते. लहानपणी टेम्पोतून बर्फाचे पाणी ठिबकायचे आणि त्या वासावरून आई सांगायची, आज बांगडा आलाय. रावस क्वचित यायचा. आला की घरात सणच.

त्याच सुमारास एका उन्हाळ्यात आमच्या शाळी नदीच्या डोहात कुणीतरी सुरुंगाची कांडी टाकली. आम्ही पोरे धावलो. पाण्यावर पांढरी पोटे वर करून मासे तरंगत होते, बोटाएवढी पिल्लेसुद्धा. मोठे मासे टोपलीत गेले, पिल्ले तशीच वाहून गेली. असे करायला १८९७ पासून कायद्याने बंदी आहे, हे मला फार पुढे कळले. त्या वर्षीच्या ‘भारतीय मत्स्य कायद्या’ने पाण्यात स्फोटके आणि विष टाकणे गुन्हा ठरवले, किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत समुद्रातही. जाळ्याची आस, म्हणजे जाळ्यातले भोक, केवढी असावी याचे नियम करण्याचा अधिकारही त्याने प्रांतिक सरकारांना दिला.

आसेची गोष्ट समजली की बाकीचे सगळे समजते. गिलनेट हे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मासा डोके घालतो, अंग अडते, मागे सरकावे तर दोरा कल्ल्यात रुततो. आसेहून बारीक मासा निसटतो, फार मोठा मासा शिरतच नाही. म्हणजे कोणता मासा धरायचा हे बऱ्याच अंशी घरी जाळे विणतानाच ठरलेले असते.

इंग्रजांनी आपल्या रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हटले. वास्तविक सॅमनशी त्याचे नाते नाही. खरा सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. रावस वेगळ्याच कुळातला. गळ्याखाली दोन्ही बाजूंना चार-चार दोऱ्यांसारखे तंतू असलेला. त्याची एक गंमत आहे. तो आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. बारीक आसेच्या जाळ्याने लहान रावस उपसला, तर त्यातला एकही मादी होण्यापर्यंत पोचत नाही. किनाऱ्यावर मात्र एवढेच दिसते की आज मासळी भरपूर आली.

सॅमनच्या देशात या भीतीने विचित्र वाटावेत असे नियम झाले. अलास्काच्या ब्रिस्टल बे भागात गिलनेटच्या होडीला इंजिन लावायला १९५१ पर्यंत मनाई होती, शिडावरच जायचे. आजही तिथली होडी ३२ फुटांहून लांब चालत नाही. नदीकाठी मनोरे उभारून माणसे वर जाणारे मासे मोजतात. अंड्यांसाठी पुरेसे गेले असे वाटले की मगच मासेमारी खुली.

आपल्याकडे भांडण झाल्यावर कायदा आला. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसू लागले. गोव्यात रापणकार मताही साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले, केरळातही पेटले. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली, पुढे राज्यांना नमुना विधेयक पाठवले. १९८० मध्ये गोवा आणि केरळचे कायदे झाले, १९८१ मध्ये महाराष्ट्राचा. राज्याचा हात पोचतो बारा सागरी मैलांपर्यंत. त्यापुढचे पाणी केंद्राचे.

पावसाळी बंदीचा जुना नियम मला फार आवडे. बंदी १० जूनपासून, १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. बहुतेक सरकारी कागद तारखेने चालतात, हा एक चंद्रावर चाले. रत्नागिरीच्या १८८० च्या गॅझेटियरात ज्यांची नोंद आहे ते दालदी मुसलमान मच्छीमार आणि त्यांच्या शेजारचे खारवी, दोघांच्याही होड्या या एकाच हिशेबाने सुटायच्या. २०१५ मध्ये केंद्राने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस ठरवले. सोय झाली, पण चंद्र गेला.

नंतरची लढाई पर्ससीनची. हे जाळे अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून बटव्यासारखे आवळतात. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला: राज्याच्या पाण्यात पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर आणि आस २५ मिलिमीटरहून बारीक नको. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री समुद्रात लखलखाट करून मासे गोळा करायचे, हा प्रकार माझ्या मते सुरुंगाच्या कांडीचा धाकटा भाऊ आहे. कांडीचा निदान आवाज तरी होतो. बारा मैलांच्या आत दोन माणसांनिशी गिलनेट टाकणारा नाखवा हे दिवे रात्रभर पाहतो आणि सकाळी हलके जाळे ओढतो. नियम त्यालाही आहेत आणि तो ते पाळतो, कारण त्याला धरणे सोपे आहे. कारवाईचा निवाडा पूर्वी तहसीलदार करत. २०२१ च्या दुरुस्तीने तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि दंडही वाढले.

२०२३ च्या सप्टेंबरात पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींची किमान लांबी ठरली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. म्हणजे शाळकरी पट्टीपेक्षा सुरमई लांब हवी.

ते वाचल्यावर मी एका शुक्रवारी बाजारात सुरमईशेजारी वीत टेकवून पाहिली. दीड वीतही भरेना. मासळीवाल्या मावशी हसल्या. म्हणाल्या, “चाचा, मोठी पायजे तर दोन दिवस आधी सांगून ठेवत जावा. ती घाट चढून हितवर येतच नाही, फुडं हाटेलात जाते.” मी सांगून ठेवली आणि त्या दिवशी बांगडे घेऊन घरी आलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)