चुकल्या गुणांचा धनी कोण?

क्रिबेज हा इंग्रजांचा जुना पत्त्यांचा डाव. दोन भिडू, प्रत्येकी सहा पानं. प्रत्येकाने दोन पानं बाजूला टाकायची. त्या चार पानांना म्हणतात क्रिब, आणि ती मिळतात वाटणाऱ्याला. क्रिब या शब्दाचा एक अर्थ गव्हाण. चारा टाकायचा दोघांनी, खायचा मात्र एकाने! मग गड्डी कापून एक पान उलटायचं. आळीपाळीने पानं टाकतानाही गुण मिळतात, पण या डावाचा जीव आहे तो नंतरच्या मोजणीत. हातातली चार पानं आणि उलटलेलं पाचवं यांतून पंधराची बेरीज जितक्या रीतींनी जमेल तितक्या वेळा दोन गुण, प्रत्येक जोडीला दोन, सलग पानांना पानागणिक एक. लाकडी फळीवरच्या भोकांत खुंट्या सरकवत १२१ गुण आधी गाठेल तो जिंकला.

समजा, हाती ७, ७, ८, ८ आहेत आणि उलटलं ९. सात-आठच्या पंधरा चार रीतींनी होतात, म्हणजे आठ गुण. दोन जोड्यांचे चार. ७-८-९ ही रांगही चार प्रकारे लागते, तिचे बारा. एकूण २४. नवखा माणूस यातले निम्मे तरी हमखास विसरतो. मग त्या विसरलेल्या गुणांचं काय करायचं?

इथे ‘मगिन्स’ नावाचा नियम येतो. भिडूने आपली मोजणी सांगून खुंटी सरकवली, की समोरच्याने ‘मगिन्स’ म्हणायचं आणि राहिलेले गुण स्वतःच्या खात्यात घालायचे. मगिन्स म्हणजे बोलीभाषेत बावळट. नियमांच्या पुस्तकांत हा नियम ऐच्छिक म्हणून दिलेला असतो. तो लावायचा की नाही, हे पत्ते वाटण्याआधी ठरवून घ्यायचं.

अशा नियमाची गरज का पडली असावी, हे या डावाच्या जन्मकथेवरून कळू शकतं. जॉन ऑब्री या सतराव्या शतकातल्या चरित्रकाराने क्रिबेजचं जनकत्व सर जॉन सकलिंग (जन्म १६०९) या दरबारी कवीला दिलं आहे. नॉडी नावाच्या त्याहून जुन्या डावावर त्याने हे कलम केलं, असं मानतात. हा कवी अट्टल जुगारी होता. खुणा केलेले पत्ते त्याने ठिकठिकाणच्या जुगारघरांत पाठवले आणि वीस हजार पौंड मिळवले, असं ऑब्री सांगतो. आपल्या हुंड्याचे पैसे भाऊ उधळणार या भीतीने त्याच्या बहिणी रडत खेळाच्या मैदानावर आल्या, हीही ऑब्रीचीच हकिकत. ऑब्रीला गप्पांचा नाद होता हे लक्षात ठेवून या गोष्टी घ्याव्यात. पण १६७४ साली चार्ल्स कॉटनच्या ‘कम्प्लीट गेमस्टर’ या पुस्तकात क्रिबेज आहे, ते पैज लावणाऱ्यांच्या जगातलाच एक डाव म्हणून. पैसे लावून बसलेल्या माणसाने समोरच्याची बेरीज दुरुस्त करून का द्यावी?

बाकीचे ऐच्छिक नियम मवाळ आहेत. पूर्वी पाच-पाच पानांचा, ६१ गुणांचा डाव चाले. त्यात क्रिब हाती नसलेल्याला भरपाई म्हणून सुरुवातीलाच तीन गुण देत. डाव लांबला तशी ती भरपाई मागे पडली. हरणारा ९१ पर्यंतही पोचला नाही, तर काही ठिकाणी ती दुहेरी हार धरतात. आपल्याकडे कोट चढतो तसंच काहीसं. हातात एकही गुण नसेल तर खेळाडू गमतीने ‘एकोणीस’ म्हणतो, कारण कोणत्याही पाच पानांत १९ गुण जमतच नाहीत.

ब्रिटनच्या १९६८ च्या जुगारविषयक कायद्याने दारूच्या गुत्त्यांत खेळायला ज्या खेळांना नाव घेऊन मुभा दिली, ते दोनच: डॉमिनो आणि क्रिबेज. सकलिंगचा डाव एव्हाना इतका घरगुती झाला होता. मगिन्स लावायचं का, हे मात्र मेजावर बसलेल्यांनीच ठरवायचं राहिलं.

मला स्वतःला मगिन्स आवडत नाही, आणि याला कारण डिकन्स. १८४०-४१ मधल्या त्याच्या ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीत डिक स्विव्हेलर हा वकिलाकडचा कारकून आहे. तिथल्या तळघरात उपाशी ठेवलेल्या मोलकरीण पोरीला तो खायला घालतो, क्रिबेज शिकवतो आणि ‘मार्शनेस’, म्हणजे सरदारीणबाई, असं नाव देतो. पुढे तो तापाने अंथरूण धरतो. ती मालकाच्या घरातून पळून येते, त्याचेच कपडे विकून त्याचं औषधपाणी करते. कित्येक दिवसांनी त्याला शुद्ध येते तेव्हा ती मेजाशी एकटीच क्रिबेज खेळत बसलेली असते. ती गड्डी कापते, गुलाम उलटतो. गुलाम उलटला की वाटणाऱ्याला दोन गुण. पण ती ते घ्यायला विसरते. स्वप्न की सत्य हे अजून न उमगलेला डिक, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून, तिचे दोन गुण तिच्यासाठी मागतो. ती टाळ्या वाजवत उठते.