ग्रंथतालिकेचा खर्च : तारापूर आणि पालघर

ग्रंथतालिकेचा इतिहास बहुधा नियमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तिचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मागेच राहतो. पालघर तालुक्यात या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे एकमेकांशेजारी आढळतात.

बोईसरनजीकचे तारापूर अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झाले. पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने व्हिएन्ना येथून ‘इनिस’ ही माहितीव्यवस्था चालू केली. तिचा हिशेब साधा होता. प्रत्येक सदस्य राष्ट्राने आपल्या अणुविषयक लेखनाच्या नोंदी ठरीव नमुन्यात स्वतः करून द्यावयाच्या आणि मोबदल्यात सर्वांच्या नोंदींचा साठा मिळवावयाचा. भारताच्या वतीने हे काम भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आले.

सार्वजनिक ग्रंथालयांची कथा निराळी. पालघर 2014 पर्यंत ज्या जिल्ह्यात होते, त्या ठाण्यास वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने 1893 सालीच मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. परंतु 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची समग्र सूची सिद्ध झाली ती शंकर गणेश दाते या एका गृहस्थाच्या चिकाटीने. आणि व्यक्तीची चिकाटी ही काही व्यवस्था नव्हे. मद्रासने 1948 च्या कायद्याने ग्रंथालय-कर बसविला. महाराष्ट्राने 1967 च्या कायद्यात कर टाळून ग्रंथालय निधीस राज्याच्या तिजोरीतून दरसाल किमान 25 लाख रुपये देण्याची तरतूद केली. हे अनुदान एकेका ग्रंथालयास त्याच्या वर्गानुसार मिळते. अनेकांनी मिळून करावयाच्या कामास त्यात सहज जागा सापडत नाही, आणि तालिका हे नेमके तसलेच काम होय.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाने 1999 साली, जुनी संगणकप्रणाली 2000 साली चालणार नाही म्हणून, ‘कोहा’ ही नवी प्रणाली पदरचे पैसे देऊन करवून घेतली व सर्वांस खुली केली. पुढे ओहायोतील नेल्सनव्हिल ग्रंथालयाने ‘मार्क’ नमुन्यातील नोंदींची सोय आपल्या खर्चाने तीत घालविली. लाभ मात्र जगभर झाला. इनिसचेच हे तत्त्व, केवळ राष्ट्रांऐवजी ग्रंथालये.

मराठीची गरज याहून बिकट आहे. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीची शीर्षके अनुच्चारित अनुस्वारांसह छापलेली आहेत. ‘गांव’ आणि ‘गाव’ यंत्रास दोन शब्द वाटतात. ही अडचण ओहायोच्या वाचकाची नव्हे, तेव्हा तिच्या निवारणाचा खर्च तेथून येण्याचा संभव नाही; आणि बोईसरच्या एखाद्या ‘ड’ वर्ग ग्रंथालयाच्या एकट्याच्या अनुदानात तो बसत नाही.