बंबखान्याची बखर

भोपाळातील फतेहगड हा भाग त्या शहराच्या जन्माइतकाच जुना आहे. दोस्त महंमद खानाने अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मोठ्या तलावाच्या काठी येथे किल्ला बांधावयास घेतला आणि आपल्या पत्नीच्या, फतेहबीबीच्या, नावावरून त्यास फतेहगड हे नाव दिले. किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत. परंतु त्याच नावाच्या वस्तीत महानगरपालिकेचे मोठे अग्निशमन केंद्र आहे. मराठी वाचकाला भोपाळ आठवते ते बहुधा बाजीरावामुळे. १७३७ च्या डिसेंबरात त्याने निजामाला याच शहरापाशी कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दुराईसराईच्या तहावर त्याची सही घेतली. त्या मोहिमेची पत्रे आहेत, तिच्या हकिकती लिहिल्या गेल्या आहेत. लढाईला बखरकार मिळतो. आगीशी लढणाऱ्याला तो क्वचितच मिळतो, आणि यामागे काही कारणे आहेत.

१२ जून २०२३ रोजी दुपारी भोपाळच्या सातपुडा भवनात आग लागली. मध्य प्रदेश शासनाच्या अनेक संचालनालयांची कचेरी असलेली ही इमारत. तिसऱ्या मजल्यावर आदिवासी कल्याण विभागाच्या कार्यालयात पेटलेली आग वरच्या मजल्यांवर चढत सहाव्यापर्यंत गेली. महानगरपालिकेच्या बंबांच्या मदतीला लष्कराचे आणि इतर संस्थांचे बंब धावले. तरी ती पुरती आटोक्यात येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सुदैवाने माणूस एकही दगावला नाही. दगावले ते कागद. हजारो नस्त्या, आणि त्यांत आरोग्य विभागाच्याही, राख झाल्या. पुढच्याच वर्षी, ९ मार्च २०२४ रोजी, सचिवालयाच्या, म्हणजे वल्लभ भवनाच्या, इमारतीतही आग लागली. शासनाचे दप्तर जळाले म्हणून हळहळ झाली, विधानांचा धुरळा उडाला, चौकशी समिती नेमली गेली. हे सारे योग्यच झाले. परंतु ज्यांनी रात्रभर नळ्या धरल्या त्यांचे स्वतःचे दप्तर कोठे असते आणि किती दिवस टिकते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

अग्निशमन दलाचे दप्तर म्हणजे मुख्यतः वर्दीची नोंदवही. वर्दी कोणत्या वेळी आली, बंब केव्हा निघाला, किती गाड्या गेल्या, आग कशाने लागली असावी, किती नुकसान झाले, दल केव्हा परतले, एवढे त्यात असते. कामापुरते ते पुरेसेही असते. परंतु जिन्यावर पुढे कोण होता, धुरात हाताने चाचपडत दरवाजा कोणी शोधला, कोणत्या गल्लीत बंब अडला आणि कोणत्या विहिरीवर पंप लावावा लागला, हे त्या रकान्यांत मावत नाही. शिवाय या व्यवसायाची गंमत अशी की, काम जितके चांगले तितका पुरावा कमी. वेळेवर विझलेली आग कोणाच्याच लक्षात राहत नाही. इतिहासात नाव होते ते हाताबाहेर गेलेल्या आगीचे.

मुंबईचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. कारण हिंदुस्थानातील जुन्या दलांपैकी ते एक, आणि तेथे स्मृती जतन झाली ती एका भयंकर दिवसामुळे. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातील आगीने गावाचा सुमारे तिसरा हिस्सा खाल्ला, तेव्हा आग विझविण्याची सार्वजनिक व्यवस्था अशी नव्हतीच. त्या आगीने मुंबईचा नकाशा मात्र बदलला. कोटाबाहेर नवी वस्ती वाढू लागली. १८५५ पासून हे काम पोलिसांकडे, त्यांच्या इतर कामांना जोडून, होते. १८८७ साली लंडनच्या दलातून आलेल्या निकोल्स या अधिकाऱ्याच्या हाताखाली पगारी, कवायती दल उभे राहिले आणि १८८८ च्या कायद्याने आगीपासून जीवित आणि वित्त राखणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरले. घोड्यांच्या गाड्या, वाफेचे पंप, आणि १९०७ साली पहिला मोटारबंब असा त्याचा पुढचा प्रवास. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली एम. जी. प्रधान हे पहिले भारतीय प्रमुख अधिकारी झाले. ही झाली सनावळी. तिच्यात माणसे प्रवेश करतात ती १९४४ साली.

मराठी माणसाला १४ एप्रिल म्हटले की डॉ. आंबेडकरांची जयंती आठवते. देशातील अग्निशमन दले त्याच दिवशी आपल्या मृतांना मानवंदना देतात. १९४४ च्या त्या शुक्रवारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे सात हजार टनांचे जहाज उभे होते. फेब्रुवारीच्या अखेरीस ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले, कराचीस थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईत आले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा होता, कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या, तेलाची पिंपे होती, लाकूड होते आणि सोन्याच्या १२४ विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच तळघरात शेजारी शेजारी रचले होते. युद्धाच्या घाईत असे होते, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. क्षम्य म्हणता येणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येताना दिसला. बंब आले, मागून आणखी आले. पोलादी पोटातील ही आग डोळ्यांना दिसत नव्हती. दाट धुरामुळे तिचा उगम सापडत नव्हता. जवानांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले. ते पाणी उकळू लागले. कापूस पाण्यावर तरंगतो आणि आतून धुमसतच राहतो. त्यामुळे पाण्याबरोबर आगही वर, दारूगोळ्याच्या बाजूस, चढत होती असे पुढे जाणकारांनी सांगितले. दरम्यान जहाज जागच्या जागी बुडवावे की ओढून खुल्या समुद्रात न्यावे, याचा खल चालला होता. कोणी बुडवा म्हणे, कोणी न्या म्हणे. निर्णायक हुकूम कोणीच सोडला नाही. त्या पावणेदोन तासांत बंबवाल्यांपुढे असा विकल्प नव्हता. ते पाणी सोडीत राहिले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी जहाजाचे तुकडे झाले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. बारा किलोमीटरवरील खिडक्यांच्या काचा फुटल्या. सतराशे किलोमीटरवर सिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा टिपला. ‘जलपद्म’ नावाचे जवळजवळ चार हजार टनांचे जहाज लाटेने उचलून धक्क्यावर आणून टाकले. जळता कापूस वस्तीवर पडला आणि गोदीलगतचे मोहल्ले पेटले. आगी आटोक्यात यावयास तीन दिवस लागले आणि राडारोडा उपसण्यास सुमारे आठ हजार माणसांना सात महिने. मृतांची संख्या आठशेंच्या वर गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. ८३ जखमी झाले.

आता या घटनेची स्मृती कशी राहिली ते पाहण्यासारखे आहे. मुंबईकरांनी आवाज ऐकला होता, आकाशातील धूर पाहिला होता. परंतु युद्धकाळातील बंधनांमुळे बातमीदारांना तपशील धाडण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी मिळाली नाही. जगाला सविस्तर वृत्त आधी कळले ते नभोवाणीवरून, आणि तेही शत्रूच्या. जपानी ताब्यातील सायगाव केंद्राने १५ एप्रिललाच ते सांगून टाकले होते. एका भारतीय छायालेखकाने टिपलेली चित्रफीत लष्कराने जप्त केली. तिचे काही भाग पुढे वार्तापटांत दिसले. जॉन एन्निस यांचे ‘द ग्रेट बॉम्बे एक्स्प्लोजन’ हे पुस्तक निघाले ते १९५९ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. सोन्याच्या विटांचा पाठलाग मात्र कधीच थांबला नाही. एक वीट तर मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या छपरातून घरात पडली, ती त्याने प्रामाणिकपणे परत केली. आणि २०११ साली देखील गोदीतील गाळ उपसताना विटा सापडल्या. विटा मोजलेल्या होत्या म्हणून त्या शोधल्या गेल्या. ६६ जवानही मोजले गेले, त्यांच्या नावे गोदीत आणि भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारके झाली, म्हणूनच त्यांचा दिवस देशभर पाळला जातो. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह चालतो, छातीवर कागदी पताका लावल्या जातात, शाळाशाळांतून प्रात्यक्षिके होतात. त्या शुक्रवारी गोदीत बळी गेलेल्या असंख्य हमालांची नावे अशी कोरली गेली नाहीत. हमालाला हजेरीपट नव्हता, जवानाला होता, एवढाच काय तो फरक.

भोपाळच्या इतिहासातही अशी एक रात्र आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात ते नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरचे दप्तर, व त्याबरोबर कितीतरी मराठी कारकून कुटुंबे, तेथे गेली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय रामपूरहून नागपूरला आले. एका शहराने कागद धाडले आणि कागद वाचविणाऱ्यांची शाळा मिळविली, असा हा योगायोग. नव्या राजधानीच्या उत्तरेस युनियन कार्बाईडचा कारखाना उभा राहिला आणि २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे चाळीस टन विषारी वायू शहरावर पसरला. कारखान्यातील अग्निशमन पथकाने वायूवर पाण्याचा पडदा धरण्याचा प्रयत्न केला. वायू सुटत होता तेहतीस मीटर उंचीच्या नळीच्या तोंडातून आणि पाण्याची धार त्याच्या निम्म्याच्या आसपास संपत होती. त्या अपघाताची तांत्रिक मीमांसा करणारे या आकड्यांची नोंद नेहमी करतात. नळी धरून वर पाहणाऱ्या माणसांची नोंद सहसा करीत नाहीत.

दोन आठवड्यांनी, १६ डिसेंबरला, उरलेल्या टाक्यांतील द्रव्य संपविण्यासाठी कारखाना पुन्हा चालू केला गेला. ‘ऑपरेशन फेथ’ असे त्याचे नाव. लोकांचा विश्वास इतका उडाला होता की हजारोंनी शहर सोडले. कारखान्याच्या कुंपणाला ओली गोणपाटे बांधली गेली, हेलिकॉप्टरांतून पाणी शिंपडले गेले आणि पाण्याचे बंब सज्ज राहिले. आग नसताना पाणी मारण्यासाठी, आणि ज्या जागेतून सारे पळत होते त्या जागेकडे तोंड करून, उभे राहण्याचा तो प्रसंग होता. बंबवाल्याच्या नित्याच्या कामापेक्षा तो निराळा म्हणावा लागेल. कारण आगीची भाषा त्याला कळते, वायूची शिकविलेली नव्हती.

त्या रात्रीची स्मृती भोपाळने अगदीच टाकली आहे असे नाही. रेल्वे स्थानकावर कामावर असताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्यांचे स्मारक आहे. ते पाहिल्यावर प्रवासी क्षणभर थांबतो. वायुपीडितांच्या संघटनांच्या प्रयत्नातून २०१४ च्या डिसेंबरात ‘रिमेंबर भोपाळ’ हे संग्रहालय उघडले. तेथील मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्या मुलाचा सदरा, एखादे यंत्र, एखादे छायाचित्र, आणि त्याच्या शेजारी टेलिफोनचा जुना रिसीव्हर. तो कानाला लावला की त्या वस्तूशी ज्याचा संबंध, त्याचा आवाज ऐकू येतो. लिहिता न येणाऱ्या माणसाचीही बखर अशा रीतीने होऊ शकते. इतिहासाच्या प्राध्यापकांना कदाचित हे साधन कच्चे वाटेल. परंतु वर्दीच्या नोंदवहीला जोडून ठेवण्यास याहून चांगले साधन सापडणे कठीण आहे.

कारण दलाची खरी विद्या तोंडी चालते. कोणत्या पेठेत मोठा बंब वळत नाही, कोणत्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना आधी जातो, कोणत्या गोदामात पाणी मारू नये, हे ज्येष्ठ जवान नव्याला गाडीत बसल्या बसल्या सांगतो. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती कोसळली. त्या आगीत संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि स्वतः प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर असे चार अधिकारी दलाने गमावले. पहिले दोघे जागीच गेले, पुढचे दोघे महिन्याच्या आत रुग्णालयात. त्यांच्याबरोबर शहराच्या जुन्या इमारतींविषयीचे किती ज्ञान गेले, याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडता येणार नाही. गणवेश, पितळी शिरस्त्राण, जुना बंब या वस्तू संग्रहालयात ठेवणे सोपे असते आणि मुलांना त्या आवडतात. त्या अवश्य ठेवाव्यात. अधिक निकडीचे काम निवृत्तांकडे जाऊन बसण्याचे आहे. १९८४ च्या डिसेंबरात पंचविशीत असलेला भोपाळचा जवान २०१९ साली साठ वर्षांचा झाला. त्याचे वरिष्ठ, ज्यांनी त्या रात्री गाड्या कोठे पाठवावयाच्या ते ठरविले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. पहिली वर्दी कोणी घेतली, कोणती गाडी आधी निघाली, तोंडाला काय बांधले, रस्त्यात पडलेल्यांना वाट देताना गाडी कशी हाकली, हे प्रश्न विचारावयाचे ते त्यांनाच.