भातकुलीवरून गेलेली रेषा

भातकुलीच्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें भूगोल शिकविला. भिंतीवरील नकाशांत गाविलगडचे डोंगर दाखवीत असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हे मोजले कोणीं?" मी निरुत्तर झालों. तें उत्तर आज देतों.

१० एप्रिल १८०२ रोजीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनें आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले म्हणजे इतर बाजू गणितानें निघतात. त्यांवर पुन्हां नवा त्रिकोण. अशी त्रिकोणांची माळ उत्तरेकडे चढत गेली. कोन मोजण्याचें यंत्र अर्ध्या टनाचें. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना दोर तुटून तें भिंतीवर आदळलें. लॅम्बटननें तें स्वतः दुरुस्त केलें. पण तें डोंगरोडोंगरीं वाहणाऱ्या मजुरांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत?

नागपूरकडे जातांना २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्बटन हिंगणघाटास वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टनें पुढें नेलें. १८ अंश ३ कलांवरील दामरगिड्ड्यापासून २४ अंश ७ कलांवरील कल्याणपुरापर्यंतच्या कंसाचें वृत्त त्यानें १८३० सालीं प्रसिद्ध केलें. वाटेंत वऱ्हाडांतील टाकळखेड्याजवळ नवी आधाररेषा मोजून गणिताचा पडताळा घेण्यांत आला. कल्याणपूरचा रेखांश ७७ अंश ३९ कला. भातकुलीचाही जवळजवळ तोच. म्हणजे ती रेषा आमच्याच शिवारावरून गेली!

याच सांगाड्यावर पुढें मैलास एक इंच प्रमाणाचे नकाशे भरले गेले. समान उंचीच्या रेषा जेथें दाट, तेथें चढ खडा. मेळघाटांत धूळघाटाजवळ अकोला–खांडवा लोहमार्ग वळसा घेऊन स्वतःवरूनच जात असे. उंची तीच, पण वाट लांबविली म्हणजे चढ सौम्य होतो व गाडीस तो सोसतो. असा वळसा कोठें घालावा, हें डोंगर कागदावर वाचतां आल्यावांचून ठरत नाहीं. तो अरुंद मार्ग २०१७ च्या आरंभीं रुंदीकरणासाठीं बंद झाला, आणि नवा मार्ग व्याघ्रप्रकल्पांतून न्यावा कीं बाहेरून, असा वाद उपस्थित झाला. चढ मोजणाऱ्यांस आतां वाघाची वाटही मोजावी लागते.

त्या मुलास मी आतां सांगेन: बाळ, नकाशांत लॅम्बटनची बुद्धि आहे, तसे मजुरांचे खांदेही आहेत. दोहोंचें स्मरण ठेव.