टपालाने भरणारा गणिताचा वर्ग

हुशार मुलांना शाळेच्या पुस्तकापलीकडचे गणित कसे द्यावे? १८९४ च्या जानेवारीत हंगेरीतील ड्यॉर शहरातल्या दानिएल आरान्य या शिक्षकाने यावर उपाय काढला. त्याने 'माध्यमिक शाळांचे गणित मासिक' सुरू केले. 🧵

पद्धत साधी होती. अंकात प्रश्न छापायचे, मुलांनी उत्तरे टपालाने पाठवायची. उत्तम उत्तर पुढे विद्यार्थ्याच्या आणि शाळेच्या नावासह छापले जाई. उत्कृष्ट सोडवणाऱ्यांची छायाचित्रेही मासिकात येऊ लागली. छापील अक्षरांत स्वतःचे नाव पाहण्याची ओढ त्या वयात केवढी असते!

१८९६ मध्ये संपादनाची धुरा लास्लो राट्स यांच्याकडे आली. बुडापेस्टच्या शाळेत जॉन फॉन नॉयमनची प्रतिभा वेळीच ओळखणारे शिक्षक ते हेच. १९१४ मध्ये महायुद्धाने मासिक बंद पाडले; ते पुन्हा निघाले १९२५ मध्ये.

मधल्या काळात देश बदलला होता. १९२० च्या कायद्याने विद्यापीठांतील ज्यूंच्या प्रवेशावर मर्यादा घातली. या मासिकाच्या सर्वांत तल्लख वाचकांत ज्यू मुले पुष्कळ होती. प्रश्न सोडवताना मात्र कोणाला धर्म विचारला जात नसे.

१९३० च्या दशकारंभी बुडापेस्टच्या नगरउद्यानातील अनॉनिमस पुतळ्यापाशी गणितवेड्या तरुणांचा एक गट जमे. पॉल एर्डॉश त्यांपैकीच. एस्टर क्लाइनने एकदा तिथे दाखवून दिले की, कोणतेही तीन एका रेषेत नसलेले पाच बिंदू घेतले, तर त्यांतल्या चारांचा बहिर्वक्र चौकोन होतोच. मग पंचकोन, षट्कोन यांचे काय? पुरेसे बिंदू घेतल्यास हवा तेवढ्या बाजूंचा बहिर्वक्र बहुभुज मिळतोच, हे ड्यॉर्ड्य सेकेरेशने सिद्ध केले. एर्डॉशसह त्याचा शोधनिबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला, १९३७ मध्ये ड्यॉर्ड्य व एस्टर विवाहबद्ध झाले आणि एर्डॉशने प्रश्नाचे नाव ठेवले 'सुखान्त प्रश्न'.

नाव गोड, काळ भीषण. सेकेरेश दांपत्याने शांघाय गाठून जीव वाचवला. ऐंशी ओलांडलेला दानिएल आरान्य मात्र जानेवारी १९४५ मध्ये बुडापेस्टच्या ज्यू वस्तीतील कोंडवाड्यात मरण पावला. ज्याने देशाला गणिती दिले, त्याला त्या देशाने दिलेले हे उत्तर. युद्धामुळे पुन्हा थांबलेले मासिक १९४७ मध्ये तिसऱ्यांदा सुरू झाले.

सेकेरेश कुटुंब १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात पोचले, पुढे सिडनीला स्थिरावले. तिथे ड्यॉर्ड्य, म्हणजे आता जॉर्ज, शालेय गणित स्पर्धेसाठी प्रश्न रचू लागला. १९८४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या एस्टरच्या सहभागाने मॅक्वायरी विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी गणिताचे साप्ताहिक वर्ग सुरू झाले. बुडापेस्टला अंक महिन्याने हाती पडे. इथे मुले दर आठवड्याला एकत्र बसून प्रश्नांशी झटत.